‘म्हणजे किती महिने?’ : प्रमाणशीर धोक्याचं गृहीतक मोडतं तेव्हा

गिरगावात ठाकूरद्वारच्या बाजूला आमची चाळ आहे. उपकरप्राप्त (सेस) इमारतींच्या ‘अ’ वर्गातली, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेली. जिन्याखाली लाकडी टेकू लावून आता बरीच वर्षं झाली. पावसाळा तोंडावर आला की म्हाडाची धोकादायक इमारतींची यादी जाहीर होते आणि चाळीतले सगळे आधी आपल्या इमारतीचं नाव त्यात आहे का ते बघतात.

मी कॅन्सरच्या रुग्णांच्या जगण्याची आकडेमोड करतो. ‘हॅझर्ड’ हा शब्द विद्यार्थ्यांना समजवायचा असला की मी या यादीपासून सुरुवात करतो. आज उभ्या असलेल्या इमारतींपैकी या महिन्यात किती पडतील, तो हॅझर्ड. ज्या आधीच पडल्या त्या हिशेबातून बाहेर, जेवढ्या उभ्या आहेत तेवढ्यांचाच हिशेब. आता समजा, निम्म्या इमारतींची दुरुस्ती झाली आहे आणि निम्म्यांची नाही. जानेवारीत दोन्हींना धोका जवळपास सारखाच. जुलैत संततधार लागली की फरक दिसतो. मग दुरुस्तीने धोका किती पटीने कमी होतो? कोणत्या महिन्यात ते सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. तरीही एकच आकडा द्यायचा हट्ट धरला, तर तो आकडा जानेवारीचाही नसेल आणि जुलैचाही नसेल.

वैद्यकीय संशोधनात हा हट्ट रोज चालतो. लंडनमध्ये डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे जो निबंध वाचला, त्यातून आलेलं रिग्रेशन मॉडेल आज जगभरच्या जवळजवळ प्रत्येक कॅन्सर ट्रायलमध्ये वापरलं जातं. काळानुसार मूळ धोका कसा वरखाली होतो हे ठरवण्याच्या भानगडीत न पडताही उपचाराचा परिणाम काढता येतो, ही त्याची मोठी देणगी. त्यासाठी एक अट पाळावी लागते. दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर पहिल्या दिवशी जेवढं, तेवढंच तीन वर्षांनीही असलं पाहिजे. हेच प्रमाणशीर धोक्याचं गृहीतक, आमच्या बोलण्यात ‘पीएच’. ही अट मोडू शकते हे कॉक्स यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच निबंधात ल्युकेमियाच्या रुग्णांचं उदाहरण घेताना त्यांनी मॉडेलमध्ये काळाशी गुणलेलं एक पद घालून अट टिकते का ते तपासलं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत मॉडेल घराघरात पोचलं, तपासणी मात्र मागे राहिली.

हा विषय माझ्यासाठी पुस्तकातून बाहेर आला तो चाळीतल्या एका काकूंमुळे. त्यांच्या यजमानांना तोंडाचा कॅन्सर, उपचार झाल्यावर परत उलटलेला. परळच्या टाटा मेमोरियलच्या एका ट्रायलची बातमी कोणीतरी त्यांना मोबाइलवर पाठवली होती. त्यात ‘०.५४५’ असा आकडा होता. गॅलरीत मला अडवून त्यांनी विचारलं, “अरे, तू हेच करतोस ना? हे शून्य पॉइंट पाच म्हणजे आमच्या ह्यांना किती महिने?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. रात्री पेपर उघडला, कॅल्क्युलेटर घेतला आणि जे केलं ते इथे सविस्तर सांगतो, कारण कोणालाही ते घरी करता येईल.

ट्रायल अशी. डोक्या-मानेचा कॅन्सर परत उलटलेले किंवा पसरलेले १५१ रुग्ण. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या. दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या आणि शिवाय दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅबचं फक्त २० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका वर्षानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के. हॅझर्ड रेशो, म्हणजे धोक्यांचं गुणोत्तर, ०.५४५.

आता पडताळा. पीएच तंतोतंत पाळलं जात असेल, तर दोन गटांच्या जगण्याच्या टक्केवारीचे लॉगरिदम घेऊन एकाला दुसऱ्याने भागलं की कोणत्याही दिवशी हॅझर्ड रेशोच मिळायला हवा. ०.४३४ चा लॉग उणे ०.८३५, ०.१६३ चा उणे १.८१४. भागाकार ०.४६. छापलेला आकडा ०.५४५. उलट्या बाजूने पाहिलं तर, १६.३ टक्के आणि ०.५४५ यांवरून पीएच धरून काढलेलं वर्षाचं जगणं ३७ टक्के येतं आणि प्रत्यक्षात दिसतं ४३. दीडशे रुग्णांत एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून यावरून अट मोडली असा निकाल मी देणार नाही. पण फरकाची दिशा ओळखीची आहे.

परळच्याच आणखी दोन ट्रायल्सवर हा हिशेब करून बघू. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या रुग्णांना रेडिएशनबरोबर डोसेटॅक्सेल देण्याची ट्रायल, ३५६ रुग्ण, २०२३. दोन वर्षांचं जगणं ४१.७ विरुद्ध ५०.८ टक्के. लॉगचा भागाकार ०.७७, छापलेला रेशो ०.७४७. जवळजवळ तोच. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांची २०१५ ची ट्रायल : तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की उलटल्यावर काढाव्यात? पाचशे रुग्णांच्या विश्लेषणात तीन वर्षांचं जगणं ८० विरुद्ध ६७.५ टक्के. भागाकार ०.५७, छापलेला ०.६४. थोडं अंतर आहे, पण निष्कर्ष हलत नाही.

आणि आता परदेशातलं एक उदाहरण, ज्यात हा हिशेब धाडकन कोसळतो. आशियातल्या १,२१७ फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर जेफिटिनिब गोळी आणि नेहमीची केमोथेरपी यांची तुलना करणारी आयपास ट्रायल २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. आजार न वाढता काढलेल्या काळाचा मध्यक गोळीच्या गटात ५.७ महिने, केमोच्या गटात ५.८. म्हणजे मध्यकापाशी गुणोत्तर जवळपास १. बारा महिन्यांनी आजार न वाढलेले २४.९ विरुद्ध ६.७ टक्के, लॉगचा भागाकार ०.५१. छापलेला हॅझर्ड रेशो ०.७४. हा ०.७४ नेमका कोणाचा? सहाव्या महिन्याच्या आसपास आलेखावर दोन्ही गटांच्या रेषा एकमेकींना छेदतात. आधी केमो वरचढ, मग गोळी. एका आकड्यात ही गोष्ट मावूच शकत नाही.

रेषा का छेदल्या याचं उत्तर मात्र त्याच पेपरात होतं. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर जनुकाचा बदल होता त्यांच्यात गोळीचा रेशो ०.४८, ज्यांच्यात नव्हता त्यांच्यात २.८५. दोन वेगळे आजार एकाच आलेखात घातले होते. गोळी उपयोगी नसलेले रुग्ण आधी गळाले, मागे उरले ते उपयोग होणारे. वर्गात मी विद्यार्थ्यांना हे वारंवार सांगतो : पीएच मोडलं की सॉफ्टवेअरमध्ये बटण शोधू नका, आधी कोणता घटक मोजायचा राहिला ते शोधा. परळमधल्या डॉक्टरांनी पुढचा प्रश्न असाच सोडवला. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या ट्रायलमध्ये फक्त ईजीएफआर बदल असलेले ३५० रुग्ण घेतले आणि जेफिटिनिबला केमोची जोड देऊन आजार न वाढण्याचा मध्यक ८ महिन्यांवरून १६ वर गेला.

इम्युनोथेरपीत, म्हणजे निव्होलुमॅबसारख्या औषधांत, पीएच मोडण्याचं कारण वेगळं. औषध गाठीवर थेट घाव घालत नाही, शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करतं. त्याला वेळ लागतो. तोपर्यंत दोन्ही गटांचा धोका सारखाच, कधी औषधाच्या गटात किंचित जास्तसुद्धा. नंतर रेषा दूर जातात आणि काही रुग्णांत परिणाम वर्षानुवर्षं टिकतो. याचं गणित हाताने करून बघण्यासारखं आहे. समजा, नेहमीच्या उपचारात दर महिन्याला धोका ०.१०. नव्या औषधात पहिले सहा महिने तोच, त्यानंतर निम्मा, ०.०५. दोन्हीकडे शंभर-शंभर रुग्ण. सहा महिन्यांनी दोन्हीकडे ५५ जिवंत. वर्षाने ३० आणि ४१. दोन वर्षांनी ९ आणि २२. आता याच माहितीवर कॉक्स मॉडेल चालवा. ट्रायल सहा महिन्यांनी थांबवली तर रेशो १.००. वर्षाने थांबवली तर साधारण ०.८१. दोन वर्षांनी ०.७३. औषध तेच, रुग्ण तेच, बदलला फक्त फॉलोअपचा काळ. खरा परिणाम ‘आधी १, मग ०.५’ असा आहे आणि या तीन आकड्यांपैकी एकही ते सांगत नाही.

ही गोष्ट परळमध्ये बसून विशेष टोचते. टाटा मेमोरियलमध्ये बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून माणसं येतात. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात, कोणी हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर. पैसे संपले, शेताची कामं आली की गावी जातात आणि फॉलोअप तुटतो. आमच्या भाषेत ते ‘सेन्सॉर’ होतात. स्ट्रदर्स आणि काल्बफ्लाइश यांनी १९८६ साली दाखवून दिलं की पीएच मोडलेलं असेल तर कॉक्स मॉडेलचा आकडा सेन्सॉरिंगच्या घडणीवरही अवलंबून राहतो. म्हणजे औषध किती चांगलं याच्या उत्तरात रुग्ण गावी कधी गेले हेही मिसळतं. शिवडीत राहणाऱ्या रुग्णांवर आणि समस्तीपूरहून आलेल्यांवर तीच ट्रायल केली तर दोन वेगळे रेशो येऊ शकतात, औषधाचा गुण अगदी सारखा असला तरी. त्यावर शेम्पर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये भार देऊन काढलेलं कॉक्स मॉडेल सुचवलं. सेन्सॉरिंगचा प्रभाव काढून सरासरी परिणाम काढण्याचा तो प्रयत्न आहे. इथल्या ट्रायल्समध्ये तो फारसा वापरलेला मी पाहिलेला नाही. वापरायला हवा.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पीएच मोडणं हा नियमच म्हणावा. ज्या गाठींत इस्ट्रोजेन रिसेप्टर नसतो त्यांचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत खूप वर असतो आणि नंतर झपाट्याने खाली येतो. ज्यांत असतो त्यांचा सुरुवातीला कमी, पण तो संपत नाही. २०१७ साली ६२,९२३ स्त्रियांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात दिसलं की पाच वर्षं गोळ्या घेऊन संपल्यावरही आजार परत येण्याचं प्रमाण विसाव्या वर्षापर्यंत चालूच राहतं. म्हणजे पाच वर्षं काढलेल्या दोन बायकांपैकी पुढच्या काळासाठी जास्त काळजी कोणाची करायची, याचं उत्तर पहिल्या वर्षीच्या उत्तराच्या उलट. रिसेप्टरला एकच रेशो देणारी रेषा ही माहिती पुसून टाकते. भारतात रिसेप्टर नसलेल्या गाठींचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे, त्यामुळे आपल्याकडच्या कोणत्याही मॉडेलमध्ये हे आधी बघावं लागतं.

इथे एक साधा उपाय आहे, स्ट्रॅटिफिकेशन. रिसेप्टरनुसार दोन वेगळे मूळ धोके धरायचे आणि बाकीच्या घटकांचा परिणाम एकत्र काढायचा. ज्या घटकाचा परिणाम मोजायचा नाही, फक्त सांभाळून घ्यायचा आहे, त्यासाठी हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. पण ज्याचा परिणाम मोजायचाय त्यालाच स्ट्रॅटा केलं की तो परिणाम हातातून जातो. हे एवढं सोपं असूनही मी शोधनिबंधांत ही चूक पाहिली आहे.

दुसरा उपाय म्हणजे परिणामालाच काळानुसार बदलू द्यायचं. त्यात एक घोडचूक वारंवार होते आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एका हस्तलिखिताचं परीक्षण करताना पाहिलं : संशोधकांनी प्रत्येक रुग्णाचा उपचाराचा रकाना त्याच्याच एकूण जगण्याच्या महिन्यांनी गुणला होता आणि तो नवा रकाना साधा घटक म्हणून मॉडेलमध्ये घातला होता. ज्या गोष्टीचा अंदाज करायचा तीच अंदाजाच्या घटकांत घातली. निकाल फार ‘सिग्निफिकंट’ आला, यात नवल नाही. खरी रीत अशी की, प्रत्येक मृत्यूच्या दिवशी त्या दिवसापर्यंत जिवंत असलेल्या सगळ्यांसाठी त्या दिवसाचा काळ वापरायचा. ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी सोय आहे, किंवा माहितीचे तुकडे पाडता येतात : शून्य ते सहा महिने, सहा ते बारा, पुढे. तुकडे कुठे पाडायचे हे आलेख बघून ठरवलं की आपण हवं ते उत्तर विकत घेतो. जीवशास्त्रावरून, आधी ठरवावं.

अट मोडली आहे का ते कसं कळतं? शोनफेल्ड यांनी १९८२ मध्ये दिलेले रेसिड्युअल्स आणि त्यांवर ग्रॅम्ब्श व थर्नो यांनी १९९४ मध्ये बांधलेली चाचणी ही आजची नेहमीची वाट. टेरी थर्नो यांच्याच ‘सर्व्हायव्हल’ पॅकेजात ती एका ओळीत होते. त्या ओळीतून येणारी पी-व्हॅल्यू बहुतेक जण बघतात आणि आलेख बघत नाहीत. माझ्या मते उलट करावं. शंभर-दीडशे रुग्णांत मोठी मोडतोडही पी मध्ये दिसत नाही. लाखभर नोंदींच्या रजिस्ट्रीत नखाएवढा फरकही ‘मोडला’ म्हणून ओरडतो. मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री १९६३ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली, लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली. एवढ्या मोठ्या नोंदींवर मॉडेल चालवणाऱ्याने पी च्या मागे लागण्यात अर्थ नाही. आलेखातली रेषा कुठे, किती आणि कोणत्या महिन्यांत वाकते, ते बघावं.

स्टेन्सरुड आणि हर्नान यांनी २०२० मध्ये याहून पुढचं म्हटलं : तपासायचंच कशाला? धोके तंतोतंत प्रमाणशीर नसतातच, हे गृहीत धरा. रेशो हा फॉलोअपच्या काळातल्या सरासरीचा एक आकडा आहे असं मानून त्याची विश्वासमर्यादा त्याप्रमाणे काढा आणि शेजारी टक्केवारी द्या. हर्नान यांनी २०१० मध्येच अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन ट्रायलचं उदाहरण घेऊन हे खोलात मांडलं होतं. हृदयविकारासाठी एकूण रेशो १.२४. पहिल्या वर्षी १.८. पाच वर्षांनंतर ०.७. म्हणजे पाच वर्षांनी हार्मोन हृदयाला चांगलं होतं का? तसं नाही. ज्यांचं हृदय आधीच नाजूक होतं त्या हार्मोनच्या गटातून आधी गेल्या. उरलेल्या बायका मुळातच कणखर. नंतरच्या वर्षांची तुलना ही सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या गटांची राहत नाही, वाचलेल्यांची होते. धोक्याच्या प्रत्येक गुणोत्तरात ही निवड मुरलेली असते. मी यांच्याशी जवळजवळ सहमत आहे. फक्त ‘तपासू नका’ हे शब्द विद्यार्थ्यांच्या हाती देताना मला भीती वाटते, कारण तपासणीतूनच आयपाससारखा सुटलेला घटक सापडतो.

कधी एकाच उपचाराचे दोन परिणाम दोन दिशांनी ओढतात. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांची २०१५ ची ट्रायल घ्या. स्तनाचा कॅन्सर आधीच पसरलेल्या ३५० स्त्रियांत मूळ गाठ काढावी का? स्थानिक आजार वाढण्याचा रेशो ०.१६, म्हणजे शस्त्रक्रियेने तिथला आजार खूप आटोक्यात. दूरच्या अवयवांत वाढण्याचा १.४२, म्हणजे तिथे उलट. एकूण जगण्याचा १.०४. हा १.०४ ‘काही फरक नाही’ असं सांगतो, पण त्याच्या पोटात दोन मोठे विरुद्ध परिणाम आहेत. हे काळाचं उल्लंघन नव्हे, घटनांचं मिश्रण आहे. तरी डोकेदुखी तीच : एका आकड्यावर बोट ठेवून डॉक्टर बायकांशी काय बोलणार?

आता स्क्रीनिंगकडे येतो, कारण या प्रश्नाचा सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात जिव्हाळ्याचा धडा मुंबईच्या वस्त्यांत आणि बार्शीजवळच्या खेड्यांत आहे. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलने मुंबईतल्या वस्त्यांच्या वीस गटांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रियांवर काम सुरू केलं. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनाची हाताने तपासणी आणि गर्भाशयमुखाची ॲसेटिक ॲसिड लावून पाहणी करत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ते छापलं. स्तनाचा निकाल यायला वीस वर्षं लागली. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या पेपरात सगळ्या वयांत मृत्यू १५ टक्क्यांनी कमी, पण योगायोगाची शक्यता नेहमीच्या मर्यादेत बाद होत नाही. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत ३० टक्के घट.

इथे धोका प्रमाणशीर असूच शकत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्या स्त्रिया जातात त्यांचा आजार स्क्रीनिंग सुरू होण्याच्या आधीच पुढे गेलेला असतो. तपासणी त्यांना वाचवू शकत नाही, त्या वर्षांतलं गुणोत्तर १ च्या आसपास. मधली वर्षं फायद्याची. तपासणीच्या फेऱ्या संपल्या की पुढे नव्याने होणारे कॅन्सर दोन्ही गटांत सारखेच, म्हणून गुणोत्तर परत १ कडे सरकतं. वीस वर्षांची सरासरी काढली की मधला फायदा दोन्ही टोकांच्या पाण्याने पातळ होतो. कॅनडातले संख्याशास्त्रज्ञ जेम्स हॅन्ली हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत : स्क्रीनिंगचा परिणाम वर्षवार दाखवा, एका बेरजेत बुडवू नका. पंधरा टक्क्यांच्या त्या आकड्याकडे मी त्याच नजरेने बघतो. वस्तीत दारोदार गेलेल्या सेविकांच्या कामाला तो आकडा पूर्ण न्याय देत नाही असं मला मनापासून वाटतं, आणि वर्षवार आलेख बघितल्याशिवाय मी तो कोणापुढे ठेवणार नाही.

बार्शीजवळचं काम आणखी बोलकं आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ गावगटांत १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आयुष्यात एकदाच करायच्या तपासणीच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या. २००९ मध्ये निकाल आला : एचपीव्ही चाचणीने मृत्यूंचा रेशो ०.५२. एकच तपासणी आणि आठ वर्षांचा फॉलोअप. यातलं पहिलं पर्व फायद्याविनाच गेलं असणार हे लक्षात घेतलं, तर नंतरच्या वर्षांतला परिणाम निम्म्याहूनही मोठा असला पाहिजे.

‘मोजणी कोणत्या दिवसापासून’ हा प्रश्न मुंबईला नवा नाही. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वयंसेवक कैद्यांवर तिची चाचणी झाली. लस टोचल्याच्या संध्याकाळी कोणी आजारी पडलं तर ते लसीचं अपयश धरायचं का? संरक्षण यायला दिवस लागतात. एकशे पंचवीस वर्षांनी निव्होलुमॅबच्या आलेखापुढे बसून आम्ही तोच वाद घालतो.

उपायांची बाकीची यादी भरभर सांगतो. फ्लेमिंग-हॅरिंग्टनच्या भारित लॉग-रँक चाचण्या उशिरा दिसणाऱ्या परिणामाला जास्त वजन देऊ शकतात. त्यांच्यातल्या अनेकांपैकी सगळ्यात मोठा निकाल घेणारी ‘मॅक्सकॉम्बो’ औषध कंपन्यांच्या संख्याशास्त्रज्ञांना आवडते. मला ती आवडत नाही. उशिराचे मृत्यू मोलाचे आणि लवकरचे कमी मोलाचे, हे मी कोणत्याही घरच्यांना तोंड वर करून सांगू शकत नाही. शिवाय सुरुवातीला अपाय करणारं औषधही अशा चाचणीत पास होऊ शकतं. रॉयस्टन आणि पारमार यांची लवचीक मॉडेल्स २००२ पासून आहेत. मूळ धोका गुळगुळीत रेषेने धरून काळानुसार बदलणारा परिणाम त्यांत सहज बसतो, आणि रजिस्ट्रीसाठी मला तीच पहिली निवड वाटते. आलन यांचं बेरजेचं मॉडेल गुणोत्तराऐवजी धोक्यातला फरक मोजतं. जिथे काही रुग्ण पूर्ण बरे होतात, तिथे क्युअर मॉडेल्स. वेळच लांबवणारी किंवा आखडणारी मॉडेल्सही आहेत. यांतलं प्रत्येक योग्य जागी योग्य.

पण काकूंच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाते ती मर्यादित सरासरी जगण्याची मोजणी, आरएमएसटी. एका ठरावीक मुदतीपर्यंत आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायचं. ते म्हणजे त्या मुदतीत माणूस सरासरी किती महिने जगला. वर घेतलेल्या शंभर-शंभराच्या उदाहरणात एका वर्षापर्यंत ते ७.० विरुद्ध ७.४ महिने, फरक जेमतेम अकरा दिवस. दोन वर्षांपर्यंत ९.१ विरुद्ध ११.०, फरक जवळपास दोन महिने. मुदत बदलली की आकडा बदलतो हे इथेही खरं, फरक एवढाच की इथे मुदत उघड लिहिलेली असते आणि उत्तर महिन्यांत येतं. पीएच असो वा नसो, अर्थ तोच राहतो. दुसरी वाट ठरावीक वेळच्या टक्केवारीची. निव्होलुमॅबच्या त्या ट्रायलचा मुख्य निकष मुळातच एका वर्षाचं जगणं होता, डोसेटॅक्सेलच्या ट्रायलचा दोन वर्षांचं आजारमुक्त जगणं. असे निकष पीएचवर विसंबत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की ही निवड पहिला रुग्ण दाखल होण्याच्या आधी, सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंद करतानाच लिहिलेली असावी : मुदत किती, त्या मुदतीचं कारण काय, रेषा छेदल्या तर काय करायचं. निकाल हातात आल्यावर पद्धत शोधणारा माणूस, मग त्याचं संख्याशास्त्र कितीही नवं असो, माझ्या विश्वासाला पात्र नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकूंकडे गेलो. रेशो बाजूला ठेवला. म्हटलं, “काकू, अशा शंभर जणांपैकी नुसत्या गोळ्यांवर वर्षाने सोळा राहिले आणि इंजेक्शन घेऊन त्रेचाळीस. आपले काका त्या त्रेचाळिसांत असतील की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.”

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, “आणि वर्षानंतर?”

मी कागदावर आलेख काढून दाखवला. रेषा पुढे जात होती. तिच्या खाली एक ओळ असते, त्या त्या महिन्यात अजून फॉलोअपमध्ये असलेल्यांची संख्या. डावीकडून उजवीकडे ती लहान होत जाते. मी त्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, “इथून पुढे माणसं फार थोडी उरतात काकू. थोड्या माणसांवरून मी तुम्हाला आकडा दिला, तर तो माझ्या मनाचा होईल.”